बियाणे, खते आणि जहर

डोणगावात एसटीतून उतरून मेहकरच्या बाजूला थोडं चाललं की डाव्या हाताला एक पाटी लागायची. पिवळ्या पत्र्यावर हिरवी अक्षरं: 'बियाणे, खते आणि जहर मिळेल'. त्यातला जहर हा शब्द बाकीच्यांच्या दुप्पट मोठा. पाटी रंगवणाऱ्यानं म्हणे तीनदा विचारून घेतलं होतं, भाऊ, औषधं असं लिहायचं ना? भाऊंनी तिन्ही वेळा तेच सांगितलं.

"औषध मानूस पितो अन् बरा होते. हे पिल्यावर काय होते ते तुले माहीत हाये. जे हाये ते लिही."

सगळं गाव त्यांना भाऊच म्हणायचं, म्हणून मीही भाऊ म्हणू लागले. उंच, खांद्यात किंचित वाकलेले, भर मे महिन्यातही लांब बाह्यांचा सदरा आणि मनगटापर्यंत लावलेली बटणं. गळ्यात बुटाच्या नाडीला बांधलेलं एक भिंग. दुकानात खुर्च्या दोन, आणि दोन्ही गिऱ्हाइकाच्या बाजूला. स्वतः दिवसभर उभे. का, असं विचारलं तर म्हणायचे, "इकणाऱ्यानं बसू नये. बसला का तो मालक होते."

कुणी येऊन "अळीचं द्या" म्हणालं की विचारायचे, "कोणती अळी?"

"अळी म्हंजे अळी. आता तुम्हाले काय सांगू?"

"घेऊन ये."

आणि खरोखरच त्या शेतकऱ्याला वावरात परत जाऊन अळी आणावी लागायची. काडीपेटीत, पानात गुंडाळून, कुणी रुमालाच्या गाठीत. भाऊ ती भिंगाखाली धरायचे आणि निम्म्या वेळा सांगायचे, "ही पिकाले काही करत नाही," किंवा, "हे कीड नाही, पानी जास्त झालं. दोन पाळ्या पानी नको देऊ, घरी जा." दारात आलेलं गिऱ्हाईक परत पाठवणारा दुकानदार, म्हणून लोक त्यांना अर्धवट समजायचे. पण पीक खरंच बिघडलं की समोरच्या दोन चकचकीत दुकानांना वळसा घालून अर्धवटाकडेच यायचे.

त्यांचा एक प्रश्न गावात प्रसिद्ध होता: "जिथं बनते तिथं चालते का?" बाहेरून आलेल्या कोणत्याही वस्तूला ते हा प्रश्न विचारत. एकदा काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, बहिणीनं गोरं व्हायचं परदेशी क्रीम दिलं. भाऊंनी डबी भिंगाखाली फिरवली. "जिथं हे बनते तिथले लोक आधीच गोरे हायेत. त्याईले तं लागत नाही. म्हंजे हे फक्त आपल्यासाठी बनवलं. इचार करण्यासारखी गोष्ट हाये." काकू हसल्या, पण ते क्रीम काही कुणी लावलं नाही. पुढं त्या डबीत सुया ठेवलेल्या मी पाहिल्या.

मी पहिल्यांदा त्यांच्या दुकानात गेले तेव्हा नोकरीला लागून महिनाही झाला नव्हता. मी नांदुऱ्याची, शेतीची पदवी घेतलेली, एका मोठ्या परदेशी कंपनीची प्रतिनिधी. मेहकर आणि आसपासची गावं माझ्याकडे दिलेली. स्कूटीच्या डिकीत नमुन्याच्या बाटल्या, पत्रकं आणि दुकानदारांना वाटायच्या टोप्या. त्या हंगामात कंपनीची योजना जोरात होती. ठरलेला माल उचलला की दुकानदाराला बँकॉकची सहल.

भाऊंनी माझं सगळं भाषण ऐकून घेतलं. मध्ये पाण्याचा तांब्या पुढं केला. मग बाटलीवरचं पत्रक उलगडलं आणि भिंग लावून वाचायला लागले. चांगली पंधरा मिनिटं. दोन गिऱ्हाइकं आली आणि दारातच थांबली. त्यांना सवय असावी.

"हे कुठं बनते, माय?"

मी मोठ्या तोऱ्यात युरोपातल्या त्या देशाचं नाव सांगितलं.

"तिथले शेतकरी मारतात काय हे?"

"मारत असतील ना."

"असतील नको. इचारून ये. तवर बाटली घेऊन जा. टोपी ठेव. देविदासले ऊन लागते."

देविदास म्हणजे कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेला माणूस. पन्नाशीचा असेल. त्याचे दोन्ही हात मांडीवर ठेवलेले असूनही थरथरत होते. भाऊंनी टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली, नीट बसवली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळले.

मी माझ्या मॅनेजरना फोन केला. ते म्हणाले, "तुला विकायला पाठवलंय, चौकशी करायला नाही. तो म्हातारा सगळ्यांनाच असं करतो. त्याला सोड, समोरच्या दुकानात जा."

मी गेलेही. पण प्रश्न डोक्यातून जाईना. मेहकरच्या माझ्या खोलीवर बसून मी मोबाइलवर शोधायला सुरुवात केली आणि अर्ध्या तासात उत्तर मिळालं. ज्या देशात आमच्या कंपनीचं मुख्यालय होतं तिथं हे रसायन शेतात वापरायला कित्येक वर्षांपासून बंदी होती. फवारणाऱ्याच्या अंगाला आणि विहिरीच्या पाण्याला धोका, म्हणून. कारखाना मात्र तिथंच चालू होता. बनवायचं, पिंपात भरायचं, बाहेर पाठवायचं. हे काही गुपित नव्हतं. सगळं उघड लिहिलेलं होतं. चार वर्षं मी शेतीचं शिक्षण घेतलं, पण हे विचारावं असं मला कधी वाटलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मी भाऊंना सांगितलं. मला वाटलं ते म्हणतील, मले माहीतच होतं. पण त्यांचा चेहरा उतरला.

"म्हंजे खरंच बंद हाये? मी तं नुसता इचारत होतो."

सदऱ्यानं भिंग पुसत म्हणाले, "मग आपल्या इथं काऊन पाठवतात?"

मी कॉलेजात शिकलेलं सांगितलं. प्रत्येक देशाचं हवामान वेगळं, पिकं वेगळी, किडी वेगळ्या. म्हणून नियमही वेगळे असतात.

"हाव. अन् मानूस? तो बी वेगळा असते काय?"

मी पत्रकं गोळा केली. आणि मला हेही लिहिलंच पाहिजे की त्या दिवशी भाऊंच्या दुकानातून निघून मी समोरच्या दुकानात तीन खोके त्याच बाटल्या दिल्या. नोकरी नवी होती. घरी कौतुक होतं. जे उत्तर शोधायला सोपं होतं ते पचवायला तितकं सोपं नव्हतं.

देविदासची गोष्ट मला काकूंनी सांगितली. भाऊ ती कधी सांगत नसत. देविदास पंप पाठीवर घेऊन लोकांच्या वावरात फवारणी करायचा. हात चांगला होता, मोठी मागणी. बऱ्याच वर्षांपूर्वी भाऊंनीच एका शेतकऱ्याला बाटली विकली आणि ती मारायला देविदास गेला. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, ऑक्टोबरचं ऊन, वारा उलटा. पत्रकात लिहिलं होतं, पूर्ण अंग झाकणारा पोशाख, हातमोजे, चष्मा, तोंडाला मुखवटा. अक्षर इतकं बारीक की ते भाऊंनीही वाचलं नव्हतं. देविदास घरी आला तो भिंती धरत. जीव वाचला, हात गेले. म्हणजे आहेत, पण चहाचा कप धरता येत नाही.

"तवापासून हे भिंग आलं गळ्यात," काकू म्हणाल्या. "अन् तवापासून तो इथंच बसते. हे म्हनतात, मले दिसला पाह्यजे."

सकाळी दुकान उघडलं की आधी देविदासचा चहा व्हायचा. भाऊ बशी त्याच्या ओठाला लावायचे, तो फुंकून प्यायचा. त्या वेळेला आलेल्या गिऱ्हाइकाला थांबावं लागे, मग तो सरपंच का असेना.  एकदा एका नव्या गिऱ्हाइकानं देविदासला विचारलं, तुम्हाला काय झालं? भाऊ पुडी बांधता बांधता म्हणाले, "मी झालो त्याले." आणि पुडी पुढं केली.

मी सांगितलेल्या बातमीनंतर भाऊंनी कंपनीच्या परदेशातल्या मुख्यालयाला पत्रं लिहायला सुरुवात केली. मराठीत, बोरूनं लिहावं तशा ठसठशीत अक्षरांत. मी म्हटलं, भाऊ, मी इंग्रजी करून देते.

"कायले? ह्या पत्रकात मराठी लिहिलेली हाये ना? म्हंजे त्याईच्या पाशी मराठी येनारा मानूस हाये. इकायच्या वेळी सापडते तं वाचायच्या वेळी बी सापडंल."

पत्र चार ओळींचं असायचं. सप्रेम नमस्कार. आपण जे जहर आपल्या देशात बंद केले ते आमच्या देशात का पाठवता याचा खुलासा करावा. आमच्याकडील माणसाची कातडी आपल्याकडील माणसापेक्षा जाड असल्याचा काही अभ्यास असल्यास तोही जोडावा. आपला, आणि खाली सही. पोस्टातला माणूस दर वेळी परदेशी टपालाचा दर शोधत बसायचा आणि भाऊ खिडकीबाहेर उभे राहायचे. सहाव्या की सातव्या पत्राला उत्तर आलं. इंग्रजीत, अर्ध्या पानाचं. मी वाचून दाखवलं: आम्ही ज्या ज्या देशात काम करतो त्या त्या देशाचे सर्व कायदे पाळतो.

भाऊंनी कागद माझ्या हातातून घेतला. "मी कायद्याचं इचारलंच नव्हतं," ते म्हणाले. कपाटाच्या काचेला त्यांनी तो चिकटवून टाकला आणि शेजारी स्वतःचं पत्रही लावलं, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला काय विचारलं आणि काय मिळालं ते दिसावं.

मग मिरचीचं प्रकरण झालं.

डोणगावच्या आसपासच्या सात शेतकऱ्यांनी एका निर्यात करणाऱ्या व्यापाऱ्याशी करार केला होता. हिरवी मिरची, थेट युरोपात जाणारी. त्यात शोभाताई होत्या. नवरा ट्रकवर, महिना महिना बाहेर. वावर त्याच बघायच्या. लावणीपासून एकेका झाडाला नाव दिल्यासारखी त्यांनी ती मिरची सांभाळली. तोडा चांगला निघाला, क्रेट भरून गेले, आणि चौथ्या दिवशी परत आले. माल चढवण्याआधी नमुना तपासला होता. मिरचीत रसायनाचा अंश सापडला होता. इथल्या मापात तो बसत होता, तिथल्या मापात बसत नव्हता.

मी त्या सकाळी भाऊंच्या दुकानात होते. पिकअप दारात उभी राहिली. सातही जण आत आले. भाऊंनी तपासणीचा कागद हातात घेतला, रसायनाचं नाव वाचलं आणि माझ्याकडं न बघता कागद माझ्यापुढं धरला. नाव वाचायची गरज नव्हती.

"कुठून घेतलं होतं हे?" त्यांनी शोभाताईंना विचारलं.

"समोरच्या दुकानातून. ह्या मॅडमच तं आल्या होत्या वावरात सांगायले." शोभाताई माझ्याकडं बघत होत्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. "लिहिलं होतं तितकंच मारलं मॅडम. लिहिलं होतं तितके दिवस थांबले."

ते खरं होतं. त्यांनी काहीच चुकवलं नव्हतं.

त्यातला एकजण म्हणाला, "चला, आता बोलून काय फायदा. नांदुऱ्याच्या बाजारात घालू, दोन घंट्यात जाते."

तेव्हा भाऊ फळीच्या अलीकडं आले. देविदास सोडून कुणासाठी ते गिऱ्हाइकाच्या बाजूला आलेले मी त्याआधी कधी पाहिले नव्हते.

"ही मिरची नांदुऱ्याले?"

"इथल्या कायद्यात बसते भाऊ. चोरी थोडी करून राह्यलो."

"कंपनी बी कायद्यातच हाये. काचेवर पत्र लावलं हाये, वाचा. तिच्या देशातल्या लोकाईले चालत नाही म्हून तिनं ते तुमच्या वावरात पाठवलं. आता तिथल्या लोकाईले तुमची मिरची चालत नाही म्हून तुम्ही ती नांदुऱ्याले पाठवता. मले यातला फरक सांगा."

बाकीचे काचेवरच्या पत्राकडं बघू लागले. मग तोच माणूस, हळू आवाजात, पण मान वर करून म्हणाला, "फरक असा हाये भाऊ, का कंपनीचं पोट भरलेलं हाये. माह्यं नाही."

भाऊंनी तपासणीचा कागद घडी करून त्याच्या हातात दिला. "हे खरं हाये," ते म्हणाले. "याच्यावर माह्यापाशी बोलणं नाही."

पाच जणांचे क्रेट त्याच पिकअपमधून नांदुऱ्याला गेले. त्या बाजारातून माझी आई भाजी आणते. मी दुकानाच्या मागं जाऊन तिला फोन केला. या आठवड्यात मिरची घेऊ नको, एवढंच सांगितलं. फोन ठेवला आणि तिथंच उभी राहिले. माझ्या आईला सांगणारी मी होते. त्या बाजारातल्या बाकी बायकांना कोण सांगणार होतं?

शोभाताईंनी आणि त्यांच्या दिरानं माल घातला नाही. वावराच्या कडेला खड्डा घेतला. भाऊही कुदळ घेऊन गेले. देविदास बांधावर बसून होता. शेवटचा क्रेट टाकताना शोभाताई भाऊंना म्हणाल्या, "तुमच्या बोलण्यावर मी हे केलं. आता पुढं काय करायचं ते बी तुम्हीच सांगा. नाही सांगता आलं तं पुन्हा माह्या बांधावर येऊ नका."

"येक क्रेट ठेव," भाऊ म्हणाले. "मले लागते."

त्याच आठवड्यात खामगावला आमच्या कंपनीचा विक्रेता मेळावा होता. एका हॉटेलचं सभागृह, मागं मोठा पडदा, टेबलांवर पांढरी कापडं. परदेशातून एक बडे साहेब कपाशीचा भाग बघायला आले होते आणि माझं इंग्रजी बरं म्हणून त्यांच्या शेजारी दुभाषी म्हणून मला बसवलं होतं. भाऊंचं नाव जुन्या विक्रेत्यांच्या यादीत होतंच, त्यामुळे दारावर त्यांना कुणी अडवलं नाही. जेवणाच्या आधी प्रश्न विचारायला सांगितलं. दोघातिघांनी बँकॉकच्या तारखा विचारल्या. मग भाऊ उठले. हातात कापडी पिशवी. सरळ पुढं आले, टेबलावरची एक ताटली ओढली आणि तिच्यात मिरच्या ओतल्या. हिरव्यागार, बोटाएवढ्या, देठासकट.

साहेबांना वाटलं स्वागताची काही रीत असेल. ते हसले, हात जोडले आणि एक मिरची उचलली.

"सांग त्याईले," भाऊ मला म्हणाले. "ही डोणगावची मिरची. लावणाऱ्या बाईचं नाव शोभा. हिच्यावर तुमचं जहर मारलं, पत्रकात लिहिलं तितकंच. तुमच्या देशानं ही खायले नाही म्हनलं. आता तुम्ही आलेच हा तं इथं खा."

मॅनेजर माझ्या मागं येऊन उभे राहिले. माझ्या कानाशी म्हणाले, "सांग की मिरची भेट आणलीय. एवढंच सांग."

मी खोटं सांगते की काय हे कळायला त्या दोघांना मार्ग नव्हता. भाऊंना इंग्रजी येत नव्हतं. साहेबांना मराठी येत नव्हतं. दोघांच्या मधे मी एकटी होते. आईला केलेला तो फोन मला आठवला. मी सगळं सांगितलं, शब्दाला शब्द. शोभाताईंचं नावही.

साहेबांनी मिरची परत ताटलीत ठेवली.

सभागृहातल्या प्रत्येकानं ते पाहिलं. भाऊंनीही. ते त्या मिरचीकडं बघत होते.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी मान खाली घातली, मग सावकाश सांगितलं की प्रत्येक देश आपले नियम आपण ठरवतो. तुमच्या सरकारनं परवानगी दिलेली आहे. आणि आम्ही थांबलो तरी उद्या दुसरं कुणी येऊन हेच विकेल.

मी मराठीत सांगितलं. भाऊंनी डोकं हलवलं.

"परवानगी तं मले बी हाये. लायसन भिंतीवर टांगलं हाये. तरी मी हे इकत नाही. परवानगी सरकार देते, लाज आपली आपल्याले असावी लागते. अन् दुसरा इकंल म्हून मी इकतो, हे आमच्या गावातला दारूवाला बी सांगते. त्याच्यासाठी इतक्या दुरून यायचं काम नव्हतं."

मी तेही सांगितलं. दारूवाल्यासकट. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, हे तो म्हणतोय की तू? मी म्हटलं, तो म्हणतोय. आणि पुढं म्हटलं, मीसुद्धा.

भाऊंनी मिरच्या एकेक करून पिशवीत परत भरल्या. एकही मागं ठेवली नाही. "हॉटेलातल्या पोराईनं चुकून खाल्ली तं," ते मला म्हणाले आणि निघून गेले. जेवायला थांबले नाहीत.

मला राजीनामा द्यायला दोन दिवसही लागले नाहीत. मागायची पाळी मी त्यांच्यावर येऊ दिली नाही. भाऊंची विक्रेतेगिरी कंपनीनं काढून घेतली. मग इतर कंपन्यांचे वितरकही माल द्यायला टाळू लागले. कपाटं रिकामी झाली. भाऊंनी रंगाऱ्याला बोलावून पाटीवर जहरच्या पुढचं 'मिळेल' खोडून 'संपले' असं लिहून घेतलं. समोरच्या दुकानदारानं तालुक्याला तक्रार केली की हा मनुष्य शेतकऱ्यांना घाबरवतो. भाऊ चौकशीला गेले, तालुक्याच्या अधिकाऱ्यासमोर उभेच राहिले, आणि म्हणाले, "घाबरले का कोणी? मी तं बरेच दिवस वाट पाहून राह्यलो." काकूंनी घरात शिवणयंत्र बाहेर काढलं. त्या मला एवढंच म्हणाल्या, "बोलायचं त्याईनं, निभवायचं आम्ही. पण खोटं बोलत नाहीत, हे हाये."

शोभाताईंच्या प्रश्नाचं उत्तर भाऊंना लगेच देता आलं नाही, हेही सांगायला हवं. पुढच्या हंगामात मिरचीवर कोकडा आला. पानं आखडून गोळा झाली, पीक निम्म्यावर आलं. शोभाताई महिनाभर भाऊंशी बोलल्या नाहीत. भाऊ रोज सकाळी त्यांच्या बांधाबाहेर जाऊन उभे राहायचे, आत पाऊल टाकायचे नाहीत. एक दिवस त्याच म्हणाल्या, "आता आलेच हा तं आत येऊन पान तरी पाहा." मग दोघांनी मिळून मार्ग काढायला घेतला. रोपं जाळीत वाढवायची, कडेनं मक्याची ओळ, कीड अडकायला पिवळे चिकट कागद, रोगट झाड दिसलं की उपटायचं, आणि मारायचंच झालं तर आधी भिंगाखाली कीड. नोकरी सुटल्यावर मी नांदुऱ्याहून आठवड्यातून एकदा जायचे आणि मला जेवढं येत होतं तेवढं सांगायचे. आता भाजीपाला पिकवणाऱ्यांच्या एका गटाचं हेच काम मी करते.

या वर्षी थंडी सुरू होताना मी डोणगावला गेले होते. भाऊ थकलेत. चालताना बांधावर दोनदा बसतात, पण बटणं मनगटापर्यंतच. आम्ही शोभाताईंच्या वावरात होतो तेव्हा निर्यातदाराचा माणूस आला. तरुण, नीटनेटका, हातात वही. त्यानं झाडं पाहिली, खूश झाला.

"ताई, असं करा," तो म्हणाला. "वावराचा हा अर्धा भाग निर्यातीसाठी वेगळा ठेवा. त्याच्यात आमच्या यादीतलंच मारायचं. उरलेल्या अर्ध्यात तुम्हाला परवडेल ते मारा, काही अडचण नाही. तो माल काही बाहेर जाणार नाही, इथल्याच बाजारात जाईल. सगळे असंच करतात."

शोभाताई तोडणी करत होत्या. हात थांबला नाही.

"माह्या वावराचे दोन भाग होत नाहीत."

त्यानं समजावलं. नियम फक्त त्यांच्या मालापुरता आहे. बाकीच्या मालाला एवढी काळजी घेतली तर खर्च वाढेल, हातात कमी राहील. तो काही फसवत नव्हता, मनापासून सांगत होता.

"समजलं मले," शोभाताई म्हणाल्या. "तुमच्या यादीत जे नाही ते माह्या वावरात कुठंच नाही. कोणत्या बी कोपऱ्यातली मिरची उचला अन् तपासा. तुम्हाले लागते तितकी घ्या. उरलेली नांदुऱ्याले जाईल, अन् ती बी हीच असंल. असं जमत असंल तं लिहा. नाही तं राहू द्या."

तो माणूस भाऊंकडं वळला. वडीलधारे आहेत, समजूत घालतील, असं त्याला वाटलं असावं.

"माह्याकडे काय पाहता?" भाऊ म्हणाले. "वावर तिचं हाये."

त्यानं वही उघडली. काहीतरी लिहिलं, खोडलं. वावराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली.

"पूर्ण वावर?" त्यानं विचारलं.

"पूर्ण," शोभाताई म्हणाल्या आणि पुढच्या झाडाकडं सरकल्या.